मदत हवी आहे : पेट्राला एक दिवस की दोन?

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही दोघं जॉर्डनला निघालोय, लग्नाला 35 वर्षं होतील म्हणून. ह्यांना तिथलं पेट्रा, खडकात कोरलेलं प्राचीन शहर, बघायचंच आहे. वेरूळचं कैलास लेणं त्यांनी कितीदा पाहिलंय. पेट्रातल्या अल-खझने या कोरीव वास्तूची दर्शनी बाजूही तशीच वरून खाली कोरत आणलीय, हे वाचल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नाही.

अडचण माझ्या गुडघ्यांची. पेट्रात शिरायची सिकची अरुंद घळ साधारण 1.2 किलोमीटर, तेवढी मी हळूहळू चालेन. पण वर अद-दैर या दुसऱ्या कोरीव वास्तूला जायचं तर 800 च्या आसपास पायऱ्या! परवा मुद्दाम पर्वती चढून पाहिली, तर निम्म्यात बसावं लागलं आणि उतरताना ह्यांचा हात सोडवेना. गाढवावर मला बसायचं नाही, त्या मुक्या जनावरांचे हाल बघवत नाहीत.

जॉर्डन पास (पर्यटकांसाठीचं एकत्र तिकीट) काढतोय, तीन रात्री मुक्काम असला की व्हिसाची फी माफ होते. पण त्यात पेट्राचा एक दिवस घ्यावा की दोन? दोन घेतले तर वादी रमच्या वाळवंटाला एकच रात्र उरते. साठीच्या पुढचं कुणी त्या पायऱ्या चढलंय का? वाटेत टेकायला जागा, सावली मिळते? खरं काय ते सांगा. ह्यांना एकट्याला वर पाठवायचं माझ्या मनात नाही.