नवी गाडी, उघडं पार्किंग आणि सकाळचं दव

सोसायटी ग्रुप, रविवार

बी-२०४ (सकाळी ७:४२)
नमस्कार सगळ्यांना. धनत्रयोदशीला गाडी घेतली ते माहीतच आहे. गडद निळी. पार्किंग ११ नंबरचं मिळालं, म्हणजे उघड्यावर, कडुनिंबाखाली. थंडी सुरू झाल्यापासून रोज सकाळी गाडी ओलीचिंब असते आणि वर राखेसारखा थर. रंगाला काही होऊ नये म्हणून काय करू? शोरूमवाल्यांनी सिरॅमिक कोटिंगचे, म्हणजे रंगावरच्या संरक्षक थराचे, अठरा हजार सांगितले. डाउन पेमेंट, इन्शुरन्स आणि पहिला हप्ता भरून आता या कामासाठी माझ्याकडे दीड हजारच आहेत. खरंच सांगून राहिली. पहिलीच गाडी आहे, जीव लागला आहे तिच्यात.

सी-१०४ (७:४५)
पेढे मिळाले ताई, अभिनंदन! कव्हर घेऊन टाका, प्रश्न मिटला.

ए-४०२ (७:५१)
कव्हर घाईत घेऊ नका. आधी माझं ऐका. माझी काळी गाडी तुम्ही सगळे पाहता. मागच्या डिसेंबरात मी रोज सकाळी सहाला पिवळ्या कोरड्या कपड्यानं दव पुसायचो आणि ड्युटीवर निघायचो. वाटायचं, किती काळजी घेतो मी! फेब्रुवारीत एका रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी उभी होती. बोनेटकडे लक्ष गेलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा. पूर्ण बोनेटभर, दारांवरही. गाडी घेताना साडेपाच हजारांचं टेफ्लॉन कोटिंगही केलं होतं. त्यानं काहीही वाचलं नाही. मग मशीननं रबिंग करायला तीन हजार गेले आणि टपाच्या रेषा अजून आहेतच.

बी-२०४ (७:५३)
अरे देवा. मी पण कालपर्यंत कोरड्यानंच पुसत होते.

ए-१०१ काका (८:१०)
बेटा, कालपर्यंत पुसलं ते पुसलं, आजपासून बंद कर. हिंगण्याच्या एमआयडीसीत पेंट शॉपमध्ये सत्तावीस वर्षं काढली म्हणून बोलून राहिलो.

गाडीच्या पत्र्यावरचा सगळा रंग, खालच्या थरापासून वरच्या पारदर्शक थरापर्यंत, साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरतो. म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढा. त्यात सगळ्यात वरचा क्लिअर कोट ४० मायक्रॉनच्या आसपास. डोक्याच्या केसापेक्षा पातळ. तुला जी चमक दिसते ती त्या थराची. रबिंग म्हणजे तोच थर थोडा घासून काढणं. दरवर्षी रबिंग करणारे लोक गाडी नवी करत नाहीत, तिचा कागद पातळ करतात.

थंडीनं रंगाला काही होत नाही. युरोप-अमेरिकेत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं, म्हणून तिकडे हिवाळ्याआधी एवढी धावपळ. नागपुरात बर्फ नाही, मीठ नाही, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तेव्हा 'विंटर पॅकेज' किंवा खालून अँटी-रस्टचा फवारा कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हण. आपल्याकडे रंग जातो तो पुसण्यात.

सी-३०३ मॅडम (८:१९)
काकांचं अगदी बरोबर. दव का पडतं तेही सांगते, म्हणजे लक्षात राहील. निरभ्र रात्री गाडीचा टप आपली उष्णता आकाशाकडे सोडत जातो आणि भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतो. मग हवेतली वाफ त्यावर थेंब होऊन बसते. म्हणूनच इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमधल्या गाड्या कोरड्या आणि ११ नंबरची ओली. थंडीत गार हवा जमिनीलगत अडकून राहते, धूळ वर जात नाही. आपण मानकापूरला राहतो, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं जवळ. कोळशाच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतं, दोन्ही कडक. त्यात रस्त्यांच्या कामाची सिमेंटची धूळ. हे सगळं दवात भिजून बोनेटवर बसतं आणि आपण त्यावर कोरडं कापड फिरवतो. पॉलिश पेपरनं घासल्यासारखंच झालं ते.

बी-२०१ काकू (८:२४)
आमच्या गावी या दवाला दहिवर म्हणत. तुरीला, हरभऱ्याला चांगलं असतं म्हणे. गाडीला वाईट असेल हे आत्ता कळलं.

बी-२०४ (८:२६)
मग सकाळी करायचं काय? ओल्या गाडीनं बुटीबोरीला जायचं?

ए-१०१ काका (८:३१)
हो, जायचं. काचा आणि आरसे पूस, बाकी वाऱ्यावर वाळू दे. धूळ रंगावर बसून राहिली तर फारसं बिघडत नाही, ती घासली की बिघडतं. आठवड्यातून एकदा नीट धू आणि त्यावर मेणाचा, म्हणजे वॅक्सचा, थर दे, बस. सिरॅमिक कोटिंग खोटं नाही, चांगलं असतं. पण अठरा हजारांचं कोटिंग करून वर कोरडं फडकं मारलं तर त्यालाही रेषा पडतातच. टेफ्लॉनचं मात्र ऐकून घे. ते ३२७ अंशांना वितळतं, तव्यावर बसवायला भट्टी लागते. शेडमध्ये मशीन फिरवून रंगावर तसं बसत नाही. जी चमक येते ती सोबतच्या पॉलिशची.

बी-२०४ (८:३३)
पण काका, नवीन गाडीला सहा महिने वॅक्स लावू नये म्हणतात ना? रंग कच्चा असतो म्हणे.

ए-१०१ काका (८:३८)
कारखान्यातली बॉडी रंग मारल्यावर साधारण १४० अंशांच्या ओव्हनमधून जाते. रंग तिथंच पक्का होतो. तुझ्या हातात गाडी यायच्या कितीतरी आधी. आजही लावलं तर चालेल. थांबायचं ते ठोकलेल्या गाडीचं दार किंवा बंपर गॅरेजात रंगवून आणलं तर. तिथं एवढी उष्णता देत नाहीत, म्हणून महिना-दोन महिने तेवढ्या भागाला काही लावायचं नाही.

आणि वेळ हीच आहे. मेमध्ये ४५ अंशांत पत्र्यावर वॅक्स लावायला जा, लावता लावता सुकून चिकटतं. आत्ता दुपारीही पत्रा सावलीत गार असतो.

डी-१०२ सेक्रेटरी (८:४४)
चर्चा उत्तम आहे, पण आठवण करून देतो. पाइप लावून गाडी धुणं बंद आहे. बादलीच वापरावी. बोअरचं पाणी मागच्या उन्हाळ्यात किती खाली गेलं होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

सी-३०३ मॅडम (८:४७)
साहेब, पाइप नकोच. उलट बोअरच्या पाण्यानं शेवटचं धुऊच नका. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर, उन्हात सुकलं की पांढरे गोल डाग राहतात. शेवटची एक बादली नळाच्या पाण्याची, पेंचचं पाणी. डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन कापड भिजवा, मिनिटभर डागावर ठेवा आणि लगेच धुवा. ताजा डाग निघतो. वर्षभर जुना असेल तर नाही.

ए-१०१ काका (८:५८)
बादलीवरूनच सांगतो. दोन बादल्या घे. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी मगानं वरून खाली पाणी सोड, सुटी धूळ हात न लावता जाऊ दे. यात कंजूषी नको, अर्धं काम इथंच होतं. मग मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवून टपापासून सुरू कर, दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. गोल गोल फिरवायचं नाही, सरळ. एक भाग झाला की मोजा आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, मगच परत शॅम्पूत. धुऊन झालं की त्या साध्या पाण्याच्या बादलीत तळाला बोटं फिरवून बघ. खरखर लागेल. ती खरखर एकाच बादलीत धुतलं असतं तर पुन्हा बोनेटवर गेली असती.

भांड्याचा साबण वापरू नको, तो मेणाचा थर काढून टाकतो. चाकाला वेगळं कापड. ब्रेकची धूळ रंगावर आली तर फार वाईट.

बी-२०१ काकू (९:०६)
भाऊ, हळदी-कुंकवाचं सांगा जरा. टेकडी गणपतीला गाडीची पूजा केली तेव्हा मीच बोनेटवर स्वस्तिक काढून दिलं हिला. तेव्हापासून मनाला लागून राहिलं आहे.

बी-२०४ (९:०८)
काकू, मनाला काय लावून घेता! तुमच्याच हातचं हवं होतं मला. फक्त फिकट पिवळी रेष अजून दिसते, तीही उन्हात बघितलं तरच.

ए-१०१ काका (९:१२)
शॅम्पूच्या पाण्यानं भिजवून हलकेच. उरली तर ऊन लागून फिकी पडेल, हळद उन्हात टिकत नाही. पुढच्या दसऱ्याला स्वस्तिक काचेवर काढा काकू, देवाला तेही पोचतं. हार मात्र तारेचा बोनेटवर बांधू नका. गाडी चालली की तार हलते आणि तेवढीच घासते.

सी-१०४ (९:१५)
आणि मांजर? माझ्या बोनेटवर रोज रात्री येऊन बसते. पायाचे ठसे तर असतातच, नखांचे ओरखडे पण दिसले.

ए-४०२ (९:१७)
इंजिन गरम असतं ना, थंडीत तिला तेच हवं. खाली पंपरूमजवळ खोक्यात गोणपाट टाकून ठेवलं तर तिथं जाईल. आमच्या जुन्या घरी असंच केलं होतं, गेली होती.

बी-२०१ काकू (९:१८)
खोकं आणि गोणपाट मी देते. पोरं आहेत तिच्या पोटात.

बी-२०४ (९:२३)
कव्हरचं राहिलंच. आणि पक्षी! कडुनिंबावर साळुंक्या आहेत, रोज दोन-तीन ठिकाणी घाण असतेच.

ए-१०१ काका (९:३१)
कव्हर धुळीच्या गाडीवर चढवलं की वाऱ्यानं हलतं आणि रात्रभर घासतं. स्वस्तातलं प्लास्टिकचं तर आत ओल धरतं. तू रोज गाडी काढतेस, रोज सकाळी ओलं कव्हर काढून कुठं वाळवशील? या दीड हजारांत कव्हर बसवूच नको. दहा-पंधरा दिवस गावाला जाणार असशील तर गाडी स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून मगच, आणि तेही हवा खेळणाऱ्या कापडाचं.

पक्ष्यांची घाण मात्र संध्याकाळपर्यंत ठेवायची नाही. त्यात आम्ल असतं, ऊन लागलं की क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडतं. नखानं खरवडू नको. गाडीत पाण्याची बाटली आणि टिश्यू ठेव. ओला टिश्यू त्यावर पाच मिनिटं ठेवून दे, नरम झालं की उचलून घे, घासू नको. माघ-फाल्गुनात निंबाची पानं झडतील, तीही बोनेट आणि काचेमधल्या जाळीतून काढत जा.

बी-२०४ (९:३६)
लिहून घेतलं सगळं. आता खर्च बघते. ऑनलाइन पाहिलं, शॅम्पू २८०, हातमोजा १८०, मायक्रोफायबरचे तीन कपडे २५०, वॅक्सची बाटली ४५०. बादल्या घरच्या. एकूण ११६०. बसतं!

ए-१०१ काका (९:४२)
त्याहून कमी होईल. एका वेळी एका गाडीला वॅक्स फार तर ३० मिली लागतं. हे साधं वॅक्स दीड-दोन महिने टिकतं. आता एकदा, जानेवारीत एकदा, उन्हाळ्याआधी एकदा. तिन्ही वेळा मिळून ९० मिली. पाच घरांनी मिळून अर्धा लिटरची एक बाटली घेतली तर सगळ्यांचा हिवाळा निघेल. मी आहे एक.

ए-४०२ (९:४३)
मी आहे. उरलेला कागद तरी वाचवू.

सी-१०४ (९:४३)
मी पण.

सी-३०३ मॅडम (९:४५)
मी पाचवी. आणि एक विनंती. गाड्या पुसणाऱ्या दादांवर कोणी राग काढू नका. चौदा गाड्यांना एक बादली आणि एक फडकं, हे आपणच त्यांना दिलं. आपल्या पाच घरांचे कपडे वेगळे देऊ, नाव लिहून. रोज पुसण्याऐवजी रोज फक्त काचा आणि आठवड्यातून एकदा दोन बादल्यांचं धुणं, असं सांगू. पैसे तेवढेच द्यायचे, एक रुपया कमी करायचा नाही.

डी-१०२ सेक्रेटरी (९:४९)
मान्य. मी बोलतो त्यांच्याशी. माझ्याही गाडीला एक कापड.

ए-१०१ काका (९:५४)
पुढच्या रविवारी दुपारी अडीचला स्टिल्टमध्ये या, मी लावून दाखवतो. गाडी धुऊन, वाळवून आणायची. थर अगदी पातळ, एका वेळी एकच भाग. धुरकट झालं की बोटानं ओढून बघायचं, खाली चमक दिसली की दुसऱ्या स्वच्छ कपड्यानं पुसून काढायचं. काळ्या प्लास्टिकला लागू द्यायचं नाही, पांढरे डाग जाता जात नाहीत.

त्यापुढचा सोमवार

बी-२०४ (सकाळी ६:५२)
काका, आज दव पडलं आहे. बोनेटवर साबुदाण्याएवढे थेंब उभे आहेत, गाडी हलवली की घरंगळून जातात. मी हात लावला नाही, फक्त काचा पुसल्या. पण टपावर मागच्या बाजूला एक वीतभर पट्टा आहे, तिथं पाणी सपाट पसरलं आहे.

ए-१०१ काका (६:५५)
तिथं तुझा हात पोचला नाही. संध्याकाळी स्टूल घेऊन ये, बाटली माझ्याकडेच आहे.