अनुभव धागा: नवं काडतूस आलं म्हणून रायफल बदललीत का?

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटला. तरी वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर जाणारे इथे आहेत, गावची परवान्याची बंदूक सांभाळणारे आहेत, अमेरिकेत स्थायिक होऊन हरणामागे फिरणारेही आहेत. तिकडे कंपन्या सारखं नवं काडतूस काढतात. २००७चं ६.५ क्रीडमूर चाललं (नावातला आकडा म्हणजे ढोबळमानाने गोळीची जाडी, मिलिमीटरात किंवा इंचांत); २००१चं रेमिंग्टन कंपनीचं शॉर्ट अॅक्शन अल्ट्रा मॅग्नम मागे पडलं. तुमचा अनुभव काय? जाहिरातीतले आकडे नकोत, ते मीही वाचतो.

गिरगावकर (मुक्काम पेनसिल्व्हेनिया)
माझी .२७० विंचेस्टर. काडतूस १९२५चं. मित्राने हौसेने ६.८ वेस्टर्न घेतली, २०२१चं काडतूस. त्याच्या नळीतल्या आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा, पीळ घट्ट, म्हणून लांब, जड गोळी स्थिर जाते. माझ्या नळीत दहा इंचांत एक फेरा, तिला तसली गोळी झेपायची नाही. म्हणजे कागदावर तोच वरचढ. पण सीझनच्या आदल्या संध्याकाळी दुकानात गेलो, तर .२७० आणि .३०-०६ या जुन्या काडतुसांची खोकी हारीने लावलेली आणि याच्या काडतुसाच्या जागी नुसती किमतीची चिठ्ठी. गडी माझी जादाची रायफल घेऊन रानात आला!

परळकर
वडिलांची .३१५ आता माझ्या नावावर आहे. .३०३ लष्करी म्हणून नागरिकांना बंद, त्यामुळे इकडे .३१५ रुजली. मला उद्या क्रीडमूर कितीही आवडली तरी परवान्यावर बोअर, म्हणजे नळीचं माप, लिहिलेला असतो. बदलायचा म्हणजे अर्ज, चौकशी, पुन्हा हेलपाटे. काडतुसं मिळतात तीही परवान्यावरच्या मर्यादेत, नोंद करून. निवड वगैरे शब्द आम्हाला लागू नाहीत.

वरळीची नेमबाज
आमची .२२ लाँग रायफल १८८७पासून आहे तशी आहे. ५० मीटरच्या स्पर्धेला तीच लागते, प्रश्नच मिटला. आम्ही काडतूस बदलत नाही, लॉट बदलतो, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेला घाणा. रायफल शिकंज्यात आवळायची आणि एकेका लॉटच्या गोळ्या झाडून बघायच्या. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं खोकं, पण एका लॉटची भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकतात, दुसऱ्याची बाहेर सांडतात. आवडला लॉट की परवडतील तेवढी खोकी उचलायची.

मुलुंडकर
गिरगावकर काका, दुकानाचं पटलं, पण पिळाचा मुद्दा तुम्ही भरकन सोडलात. १९५५ साली .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन ही काडतुसं बरोबरीने आली. रेमिंग्टनने पीळ सैल ठेवला, बारा इंचांत एक. छोट्या जनावरांसाठी हलकी गोळी धरून. लोकांना त्याच रायफलीने हरणही मारायचं होतं, त्याला जड गोळी हवी. .२४३ पुढे गेली. १९६३मध्ये रेमिंग्टनने पीळ घट्ट करून ६ मिलिमीटर असं नाव दिलं, तोवर गिऱ्हाईक बांधलं गेलं होतं. क्रीडमूरवाल्यांनी पीळ पहिल्यापासून घट्ट ठेवला. ह्यूस्टनच्या मामाकडे मी ती झाडली आहे. धक्का इतका सौम्य की मामीसुद्धा तीच मागते.

गिरगावकर
मान्य. आता इकडे २०२२चं ७ मिलिमीटर पीआरसी (प्रिसिजन रायफल कार्ट्रिज) हे काडतूस फार गाजतंय. कुणी घेतलं असेल तर एवढंच सांगा: छोट्या गावातल्या दुकानात मिळतं, की मागवावं लागतं?