नागपूर ते मालवण कमी पैशात, यावेळी तरी धड पोहोचायचंय

धंतोलीकर

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालवणला जायचा प्लॅन करून राहिलोय. मी, बायको, आठ वर्षांचा पोरगा आन् सासूबाई. विमान गिमान काही नाही, तेवढं बजेटच नाही. रेल्वे नाहीतर बस.

प्रश्नाआधी मागच्या वर्षीचा किस्सा सांगतो म्हणजे मी इतका काहून घाबरून राहिलो ते कळेल. नागपूर ते ठाणे एक गाडी, तिथून कोकण रेल्वे. तिकीट काढताना स्टेशनच्या यादीत "सिंधुदुर्ग" दिसलं आन् मी खुश, म्हटलं सिंधुदुर्ग किल्ला मालवणात, मंग स्टेशन बी तिथंच असणार, उतरलं की समोर समुद्र. बायको म्हणे एकदा नकाशा पाहून घ्या. मी म्हटलं अगं नावातच आहे ना.

उतरलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते, अंधार, आमच्यासोबत उतरलेले दहा-बारा जण पाच मिनिटांत गायब. पोरगा विचारते बाबा समुद्र कुठाय. एक रिक्षावाला चहा पिऊन राहिला होता, तो म्हणे हे ओरोस आहे साहेब, जिल्ह्याचं मुख्यालय, मालवण इथून तीसेक किलोमीटर. नऊशे रुपये. ते बी ठीक होतं, पण होमस्टेवाल्यांसाठी पाच किलो संत्री नेली होती, बॅगेत सगळ्यात खाली. दोन दिवसांच्या उचल-आपटीत त्यांचा पार लगदा झाला आन् रस सासूबाईंच्या नऊवारीत उतरला. बॅग उघडली तर पिवळंजर्द पातळ, आन् वास मात्र एकदम काटोलच्या बागेतला. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तर प्रश्न असा की आठवड्यातून दोन दिवस जी नागपूर-मडगाव स्पेशल असते ती बरी (भाडं जरा जास्त पडते), का ठाण्याला गाडी बदलायची, का कोल्हापूरपर्यंत जाऊन घाटातून बसनं उतरायचं? सासूबाईंचे गुडघे दुखतात हे धरून सांगा.

सांबारवडी

दादा तुम्ही निदान बरोबर तारखेला तरी गेलात 😄 आम्ही तिघी मैत्रिणी तारखेतच मेलो. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्सप्रेस रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. म्हणजे १४ तारखेचं तिकीट असेल तर १३ च्या रात्री जेवून स्टेशनावर जायचं. आम्ही १४ च्या रात्री अकराला मस्त वडापाव खात दादरला हजर, गाडी लागली, डबा सापडला, आमच्या बर्थवर एक आजोबा पांघरूण घेऊन झोपलेले. मी त्यांना उठवून भांडले पण! टीसीनं माझा मोबाईल हातात घेतला, तारखेवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, ताई तुमची गाडी काल गेली. आजोबा म्हणाले आता झोपू का?

पैसे सगळे बुडाले, गाडी सुटून गेल्यावर कोण देते रिफंड. रात्र वेटिंग रूममध्ये, सकाळी जनरलचं तिकीट काढून चिपळूणपर्यंत उभ्यानं, मग एका मावशींनी सरकून अर्धी सीट दिली. म्हणून सांगते, रात्री बाराच्या आसपासची गाडी असेल तर तारीख घरातल्या दोन माणसांना वाचायला लावा.

आणि एक, तिथं जेवताना "वरून थोडा सांबार टाका" म्हणू नका. मी म्हणाले तर काकू म्हणाल्या आमच्याकडे इडली नाही हो. कोथिंबीर म्हणायचं.

बर्डीवाला

इतका द्राविडी प्राणायाम कायले? झिरो माईलवर राहतो आपण, समुद्र चारी बाजूंनी सारखाच दूर. समता एक्सप्रेसमध्ये बसा, सरळ विशाखापट्टणम, कुठं गाडी बदलायची नाही. बीच बी शहरातच.

धंतोलीकर

भाऊ मान्य, पण सासूबाईंना किल्ल्यातलं शिवराजेश्वराचं मंदिर पाहायचंय. मागच्या वेळी पोहोचण्यातच एक दिवस गेला आन् दुसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे सुजले, होडीपर्यंत गेल्याच नाहीत. ते काही विशाखापट्टणमला मिळत नाही.

अजनीचा पोट्ट्या

आम्ही दोघं बाईकवर गेलतो, म्हणजे स्वस्तात स्वस्त. प्लॅन असा की समृद्धीवरून सुसाट. शिवमडक्याला गेलो तर गेटवरच परत पाठवलं, टू-व्हीलर चालतच नाही तिथं. हे आम्हाला माहीत नव्हतं हे घरी अजून सांगितलं नाही. मंग बुटीबोरीवरून यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर असे दोन मुक्काम करत गेलो.

खरी मजा फोंडा घाटात. गाडी घाट उतरून राहिली, दोघं, दोन बॅगा, मी सारखा क्लच दाबून राहिलो (नागपुरात घाट कुठाय शिकायला, आमचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल). एका वळणावर लिव्हर एकदम ढिला पडला. पाहतो तर क्लच वायरची एक एक तार तुटत आलेली, शेवटची फक्त केसासारखी उरली होती, ती बी डोळ्यासमोर टक् करून गेली. मंग काय, मित्र धक्का मारे, गाडी उतारावर पळाली की मी दुसरा गिअर टाके आन् तो मागून पळत येऊन बसे. असं तीनदा. खाली फोंड्यात मेकॅनिकनं वीस मिनिटांत वायर बदलली, वरून विचारलं नागपूरहून हिच्यावर आलात? मी म्हटलं हो. तो काही बोलला नाही, चहा सांगितला.

तुम्ही सासूबाईंना घेऊन घाटाच्या बसच्या भानगडीत पडू नका. आम्ही थांबलो होतो तेवढ्यात वरून आलेल्या एका बसच्या चार खिडक्यांतून चार पोरं बाहेर डोकं काढून ओकत होती.

माहेर मालवण सासर नागपूर

धंतोलीकर भाऊ, ती सिंधुदुर्ग स्टेशनची चूक माझ्या नवऱ्यानं लग्नाच्या वेळी केली होती, अख्खं वऱ्हाड ओरोसला उतरवलं होतं, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. कुडाळला उतरा नाहीतर कणकवलीला. मी कुडाळ सांगेन. स्टेशन गावापासून जरा बाहेर आहे, पण रिक्षा मिळतात आणि स्टँडवरून मालवणची बस मिळते. फक्त उजेड असताना पोहोचा. संध्याकाळनंतर बसेस विरळ होतात आणि मग रिक्षावाला म्हणेल ते भाडं. माणूस मुंबईपर्यंतचा सगळा विचार करतो नि शेवटच्या तीस किलोमीटरला फसतो.

सासूबाई सोबत असताना स्पेशल बरी, वेळेवर असली तर उजेडी कुडाळला सोडते आणि जिने चढउतर नाही. भाड्यातला फरक तुमचा रिक्षातच वसूल होईल. ठाण्याला बदलणारच असाल तर दोन गाड्यांमध्ये दीड-दोन तास ठेवून भागत नाही, अख्खा अर्धा दिवस ठेवा. नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे आंघोळ करून निघा. आणि दोन्ही पीएनआर लिंक करून ठेवा, पहिली लेट होऊन दुसरी सुटली तर दुसरीचे पैसे परत मिळतात. लिंक नसेल तर काही नाही. लोकांना हे माहीतच नसतं.

नाताळच्या आठवड्यात मुंबईकर सगळे कोकणात, म्हणून तिकीट पहिल्याच दिवशी. रेग्युलर गाड्यांचं आता साठ दिवस आधीच उघडतं, म्हणजे २६ डिसेंबरचं २७ ऑक्टोबरला सकाळी आठला. आठ वाजून दहाला बसलात तर वेटिंग. ऑनलाइन वेटिंग चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, त्या भरवशावर घर सोडू नका.

किल्ल्याला सकाळीच जा, ऊन चढायच्या आत. होडीत चढता-उतरताना गुडघ्यांना त्रास होईल, पण होडीवाले आजीबाईंना हात देतात, सवय आहे त्यांना.

धंतोलीकर

ताई खूप आभार. वऱ्हाडाचं वाचून बायको इतकी हसली की मागचं वर्ष माफ झालं असं वाटून राहिलं. स्पेशलच पाहतो, कुडाळ. पीएनआर लिंकचं खरंच माहीत नव्हतं.

अजनीचा पोट्ट्या

आन् संत्री?

धंतोलीकर

नेणार ना. सासूबाई म्हणे यावेळी पिशवी माझ्या मांडीवर राहील, तुम्ही हात लावायचा नाही.