कोथिंबीर-पुदिन्याच्या भाताचा हिरवा रंग कसा टिकवावा?

प्रश्न: आमटीसोबत वाढण्यासाठी कोथिंबीर आणि पुदिन्याचा साधा भात करायचा आहे, परंतु वाटण तांदळाबरोबर शिजवले की भात काळपट होतो आणि वासही उरत नाही. यावर काय करावे?

प्रतिसाद १: हरितद्रव्याला उष्णता आणि आंबटपणा एकत्र सोसत नाहीत, त्यामुळे वाटणात दही किंवा लिंबू असले की शिजताना रंग शेवाळी होतो. तांदूळ अर्धा तास भिजवून, तुपातल्या जिऱ्याच्या फोडणीत परतून, दीडपट पाण्यात मीठ घालून मोकळा शिजवावा, आणि आच बंद केल्यावरच बारीक चिरलेली पाने हलक्या हाताने मिसळून ५ मिनिटे झाकण ठेवावे. लिंबू ताटातच पिळावे.

प्रतिसाद २: कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या टाकू नयेत, त्या चिरून फोडणीत घालाव्यात. पुदिना मात्र बेतानेच, नाहीतर भात चटणीसारखा लागतो (आमच्याकडे काहींना तेच आवडते, ही गोष्ट वेगळी).

प्रश्नकर्ती: आंबेमोहोर चालेल का?

प्रतिसाद १: चालेल, पण तो चिकट होतो आणि त्याचा स्वतःचा सुगंध पुदिन्याखाली दबतो; त्यापेक्षा जुना कोलम घ्यावा.