मदत हवी आहे : जुन्या फाँटांच्या फायली आणि रोजची अक्षरजुळणी, दोन्हींसाठी कोणत्या प्रकारचा लॅपटॉप घ्यावा?

नमस्कार.

मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. काम चिपळूणला घरून चालते, प्रकाशक मुख्यतः पुण्यातले आहेत, आणि पुस्तक छपाईला जाण्यापूर्वीच्या शेवटच्या दुरुस्त्या त्यांच्यासमोर बसून एकेक पान उघडून कराव्या लागतात. आजवर हे घरच्या डेस्कटॉपवर आणि तिकडे गेल्यावर प्रकाशकांच्या संगणकावर भागत आले. माझ्या डेस्कटॉपमधला इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या अटींत बसत नाही आणि विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवा संगणक घ्यायचाच आहे, तर तो सोबत नेता येईल असाच असावा, असे ठरवले आहे. ७० हजार रुपयांपर्यंत खर्च करू शकते.

कामाचे स्वरूप थोडे सविस्तर सांगते, कारण निवडीतली खरी अडचण तिथेच आहे. नवी पुस्तके युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, येतात आणि ती मी इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावते. त्यासाठी किमान ८ जीबी रॅम लागते आणि १६ जीबीची शिफारस आहे. चित्रे भरपूर असलेले पुस्तक हाती आले की ही शिफारस का केली आहे ते लगेच कळते. दुसरे काम पुनर्मुद्रणांचे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लावलेली पुस्तके पेजमेकर या मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींत आहेत आणि त्यांतला मजकूर युनिकोडपूर्व फाँटांत आहे. तो फाँट संगणकावर नसेल, तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसते. त्या फाँटांचे आणि टंकलेखनाचे सॉफ्टवेअर यूएसबीला लॉक, म्हणजे परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण, लावल्याशिवाय सुरू होत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, म्हणजे ७.०, ही २००१ सालची. आणि पेजमेकरच्या फायली उघडण्याची सोय इनडिझाइनमध्ये सीएस६ या आवृत्तीपर्यंतच होती, त्यामुळे आजच्या इनडिझाइनमध्ये त्या थेट उघडत नाहीत. मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये नेता येतो. पण त्यात रफार जागा सोडतो, ‘ऱ्या’मधला र बिघडतो, काही जोडाक्षरे फुटतात, आणि मग संपूर्ण पुस्तकाचे मुद्रितशोधन नव्याने करावे लागते. ज्या पुनर्मुद्रणात चार ओळींचीच दुरुस्ती आहे, त्यासाठी एवढा खर्च करणे छोट्या प्रकाशकाला परवडत नाही.

त्यामुळे काही प्रकार मी आधीच बाजूला ठेवले आहेत. क्रोमबुकवर इनडिझाइनही चालत नाही आणि पेजमेकरही नाही. आयपॅडवर किंवा कीबोर्ड जोडलेल्या अन्य टॅबलेटवर पीडीएफवर पेनने खुणा करून प्रुफे तपासणे फार सुखाचे होते, हे मी एका लेखकांकडे पाहिले आहे. पण इनडिझाइनची पूर्ण आवृत्ती तिथे मिळत नाही, म्हणून तो जोडीचा संगणक होऊ शकतो, एकमेव संगणक होऊ शकत नाही. एका दुकानदाराने गेमिंग लॅपटॉप आग्रहाने सुचवला. त्याचा प्रोसेसर वेगवान असतो, यात शंका नाही, परंतु सव्वादोन-अडीच किलोचे यंत्र, त्याचा वेगळा जड अडॅप्टर आणि मजकुराच्या कामात फारसे न वापरले जाणारे ग्राफिक्स कार्ड यांसाठी पैसे मोजणे मला पटत नाही.

उरले चार पर्याय : १५.६ इंची नेहमीचा विंडोज लॅपटॉप. १४ इंची हलका, इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा लॅपटॉप. एआरएम या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरचे यंत्र, म्हणजे स्नॅपड्रॅगनवरचे विंडोज लॅपटॉप किंवा मॅकबुक एअर. आणि कंपन्यांच्या वापरातून बाहेर पडलेला, दुरुस्त करून विकला जाणारा व्यावसायिक लॅपटॉप.

पडद्याबद्दल मी बराच विचार केला आहे, आणि तो इथे मांडते, म्हणजे त्यात काही चुकत असेल तर जाणकारांना सांगता येईल. डेमी आकाराचे पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांचे असते आणि समोरासमोरची दोन पाने एकत्र दिसली तरच मांडणीचा तोल कळतो. १५.६ इंची पडदा मोठा वाटतो खरा, पण त्याचे प्रमाण १६:९ असेल तर उंची सुमारे ७.६५ इंच भरते. १४ इंची पडदा १६:१० प्रमाणाचा असेल तर त्याची उंची सुमारे ७.४ इंच असते. म्हणजे उभ्या पानाच्या दृष्टीने फरक जेमतेम पाव इंचाचा, आणि तेवढ्यासाठी अधिक वजन आणि मोठी बॅग वागवायची. दुसरी गोष्ट सुस्पष्टतेची. १३६६ बाय ७६८चा १५.६ इंची पडदा इंचाला जेमतेम १०० बिंदू देतो. त्यावर लहान टाइपातला अनुस्वार आणि रफार एकमेकांना चिकटतात, आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार ओळखण्यासाठी सतत पान मोठे करून पाहावे लागते. १४ इंचांवर १९२० बाय १२०० असेल तर इंचाला साधारण १६० बिंदू मिळतात. २८८० बाय १८००च्या पडद्यावर हा आकडा २४०च्या पुढे जातो आणि देवनागरी अक्षर जवळजवळ छापल्यासारखे दिसते, पण अशा पडद्यांवर पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्रॅमचे मेनू एक तर बारीक होतात, नाही तर धूसर. म्हणून मधला पर्याय मला योग्य वाटतो.

विजेचा प्रश्नही आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दीर्घकाळ जाते, आणि नेमके तेच महिने दिवाळी अंकांच्या कामाचे असतात. मजकुराच्या कामात लॅपटॉपला सरासरी ८ वॅट लागतात असे धरले, तर ५० वॅट-अवरची बॅटरी कागदोपत्री सहा तास पुरते, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. टाइप-सीमधून चार्ज होणारे यंत्र असेल तर चांगल्या पॉवर बँकेवरही आणखी काही वेळ निघू शकेल. बॅटरीच्या बाबतीत मॅकबुक एअरची सर्व जण प्रशंसा करतात, आणि त्याचा पडदाही उत्तम आहे. १६ जीबी रॅमचा जुन्या पिढीतला एअर माझ्या अंदाजपत्रकात बसू शकतो, म्हणून तो विचार पूर्णपणे सोडवत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. लॉक लावून चालणारे जुने मराठी सॉफ्टवेअर एआरएम प्रोसेसरच्या विंडोजवर, किंवा मॅकमध्ये पॅरलल्सच्या साहाय्याने विंडोज बसवून, कुणी प्रत्यक्ष चालवले आहे का? वापरलेला व्यावसायिक लॅपटॉप घ्यायचा तर कोणत्या मॉडेलपासून पुढे पाहावे आणि दुकानात काय तपासावे? आणि दिवसभर टंकलेखन करणाऱ्यांनी १४ इंची यंत्राच्या कीबोर्डबद्दल काय अनुभव घेतला आहे?

प्रतिसाद :

ताई, लॉकच्या मुद्द्यावर मला निश्चित सांगता येईल. एआरएमवरील विंडोज ११मध्ये इंटेलसाठी लिहिलेले बहुतेक प्रोग्रॅम अनुकरणाने, म्हणजे सूचनांचे आपोआप रूपांतर करून चालतात. ३२ बिटांचेही आणि ६४ बिटांचेही. त्यामुळे पेजमेकर उघडेल आणि आपल्याला वाटेल की सगळे जुळले. परंतु ही सोय ड्रायव्हरांना, म्हणजे जोडलेली उपकरणे चालवणाऱ्या प्रोग्रॅमांना, लागू नाही. ड्रायव्हर एआरएम६४साठीच लिहिलेला असावा लागतो, आणि लॉक ओळखण्याचे काम बहुतेक वेळा ड्रायव्हरच करतो. जुन्या संचाबरोबर आलेला ड्रायव्हर तिथे बसणार नाही, आणि लॉक बनवणाऱ्या कंपनीने नवा दिला नसेल तर तिथे काम थांबते. शिवाय कळफलकाचा ताबा घेणारी टंकलेखनाची जुनी सॉफ्टवेअरेही मायक्रोसॉफ्टने सांगितलेल्या एआरएमच्या मर्यादांत येतात. विंडोजमधला स्वतःचा इनस्क्रिप्ट कळफलक मात्र नीट चालतो, त्यामुळे युनिकोडच्या कामाला बाधा नाही.

मॅकचा रस्ता याच ठिकाणी येऊन पोचतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प वापरून नेहमीचे विंडोज बसवता येत असे. २०२०च्या अखेरीस आलेल्या एम१पासून पुढच्या यंत्रांवर ती सोय नाही, आणि पॅरलल्समध्ये चालते ते विंडोजही एआरएमचेच असते. त्यामुळे स्नॅपड्रॅगनवर जी अडचण, तीच मॅकवर. शिवाय आपले लॉक जुन्या, चौकोनी टाइप-ए जोडणीचे असणार आणि एअरला केवळ टाइप-सी जोडण्या आहेत, म्हणजे अडॅप्टर वेगळा आला. केवळ इनडिझाइनचे काम असते तर मी आपल्याला एअरच सुचवला असता.

दुसरा प्रतिसाद :

वापरलेल्या यंत्रांबद्दल लिहितो. विंडोज ११साठी इंटेलची आठवी पिढी ही खालची मर्यादा आहे, म्हणून लेनोवोच्या २०१८च्या थिंकपॅड टी४८०पासून पुढे पाहावे. या मॉडेलचे वैशिष्ट्य आपल्या विजेच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे : त्यात एक बॅटरी आत असते आणि दुसरी मागून काढता येते, त्यामुळे आतल्या बॅटरीवर यंत्र चालू ठेवून बाहेरची बदलता येते आणि काम बंद करावे लागत नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या टी४९०मध्ये ही सोय काढून टाकली. रॅमसाठी टी४८०मध्ये दोन स्लॉट आहेत आणि कीबोर्डची खोली दिवसभराच्या टंकलेखनाला फार चांगली आहे. पडदा मात्र १६:९ प्रमाणाचा आणि बेताच्या उजेडाचा आहे, त्यामुळे आपण मांडलेला पानाच्या उंचीचा हिशेब तिथे बसत नाही. अधिक नवे हवे असेल तर ११व्या पिढीच्या इंटेलवरचे डेल लॅटिट्यूड ५४२० किंवा एचपी एलिटबुक ८४० जी८ पाहावे. त्यांतही रॅमचे दोन स्लॉट आहेत.

दुकानात बॅटरी रिपोर्ट काढून मागा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून तो मिनिटभरात निघतो आणि त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. मूळच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत धरूनच सौदा करावा. बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, आणि विंडोज नव्याने बसवल्यावर यंत्र त्या कंपनीचे खाते मागत नाही ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. हे दोन्ही नंतर सुटत नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात, जिथे घ्याल तिथे लेखी वॉरंटीचा आग्रह धरा.

आणखी एक सुचवावेसे वाटते. जुना डेस्कटॉप इंटरनेटपासून पूर्ण तोडून पेजमेकरसाठीच ठेवता येणार नाही का? नवीन यंत्राची निवड मग पुष्कळ मोकळी होईल.

धागाकर्तीचे उत्तर :

दोघांचेही मनापासून आभार. एआरएमचा प्रश्न माझ्यासाठी आता निकालात निघाला आहे. मॅकचा विचार मी विंडोजपासून वेगळा पर्याय म्हणून करत होते, पण जुन्या फायलींच्या बाबतीत तो वेगळा नाही, हे प्रतिसादामुळेच स्पष्ट झाले.

डेस्कटॉप वेगळा ठेवण्याची सूचना घरच्या कामासाठी मी स्वीकारणार आहे. तो इंटरनेटवरून काढून टाकीन आणि जुन्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवीन. मात्र त्यामुळे लॅपटॉपवरची अट सुटत नाही, कारण पुनर्मुद्रणाच्या शेवटच्या दुरुस्त्या प्रकाशकांसमोरच होतात आणि त्यांच्याकडचे जुने संगणकही आता एकेक करून बदलले जात आहेत. लॉक आणि पेजमेकर हे माझ्याबरोबर प्रवास करणारच.

म्हणून १४ इंची, १६:१० प्रमाणाचा, १९२० बाय १२०० पडद्याचा, इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा नवा लॅपटॉप घेण्याकडे माझा कल आहे. १६ जीबी रॅम, तीही शक्यतो एक स्लॉट मोकळा ठेवून. निदान एक टाइप-ए जोडणी. आणि टाइप-सीमधून चार्जिंग, या अटी मी दुकानदाराला लिहूनच देईन. दोन बॅटऱ्यांच्या टी४८०चा मोह होतो आहे, हे खरे. पण माझे डोळे दिवसभर पानावर असतात आणि वापरलेल्या यंत्रातला तो पडदा मला पुरणार नाही. विजेची सोय पॉवर बँकेने करता येईल, पडद्याची पुढे करता येणार नाही.

खरेदीला जाताना लॉक, सॉफ्टवेअरचा संच आणि पेजमेकरची एक फाइल सोबत नेऊन, दुकानातच बसवून, रफार आणि जोडाक्षरे नीट दिसतात का ते पाहूनच पैसे देईन. एकच गोष्ट अजून विचारायची आहे : टाइप-सीमधून ६५ वॅट देणारी पॉवर बँक ज्यांनी लॅपटॉपसाठी नियमित वापरली आहे, त्यांनी तिची क्षमता किती वॅट-अवर होती आणि त्यावर प्रत्यक्षात किती वेळ काम झाले, हे कृपया लिहावे.