अनुभव धागा : रविवारची उपासना, घर आणि नोकरी

माहेर_नगर
भावाने काल कपाट आवरताना सापडलेल्या अण्णांच्या (आमच्या वडिलांच्या) 'उपासना संगीत'च्या, म्हणजे आमच्या गीतांच्या पुस्तकाच्या, प्रतीचे फोटो पाठवले. पुठ्ठा सुटलाय, शेवटची पानं गेलीत, पण समासात पेन्सिलने लिहिलेलं सगळं शाबूत आहे. 'काळी दोन.' 'दुसरं कडवं सोडा.' 'सावकाश, म्हातारी माणसं मागे राहतात.' आणि रेव्ह. ना. वा. टिळकांच्या एका भजनाशेजारी, 'हिचा घसा बसलाय, पट्टी खाली.' ही म्हणजे आई. ते वाचलं आणि झोपच उडाली.

नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, त्यामुळे आमच्याकडे पेटी-तबल्यावरची भजनं, कीर्तन हे सगळं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. अण्णा पाळक (पास्टर) नव्हते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. पाळकसाहेब उपदेश करायचे आणि बाकीची उपासना, म्हणजे आवाहन, गीतं, पापकबुलीची प्रार्थना, वाचनं, अर्पण, हे अण्णा चालवायचे. शनिवारी रात्री मोरीत बसून रॉकेलने हात घासायचे, नखांतलं ग्रीस काडीने काढायचे. काळ्या नखांनी पेटीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. त्याच वेळी आई शर्टाला नीळ घालत असायची, आणि एकीकडे आम्हा भावंडांकडून सुवर्णवचन (रविवारचं बायबलमधलं वचन) पाठ करून घेणं चालू. मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, म्हणायची, अण्णांची सेवा. पण ती त्या अख्ख्या घराची सेवा होती, हे मला आता दिसतं.

आता मी पिंपरीत. बँकेत नोकरी, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, लेक दहावीला. महिन्यातून एकदा उपासना चालवायची पाळी येते आणि लेंथच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) दिवसांत जास्तच. ती मला मनापासून हवी असते. तुम्ही घरात हे कसं बसवलंत ते लिहा. फक्त उपासना चालवणाऱ्यांनीच लिहावं असं नाही, त्यांच्या घरच्यांनीही लिहा.

रात्रपाळी_चाकण
ताई नखांचं वाचून थांबलो. मीपण मशीनवरच आहे. तिसरी पाळी सकाळी सातला सुटते, उपासना नऊला. गाणी निवडायचं काम बायकोचं. ती शनिवारी यादी पाठवते, मी जेवणाच्या सुट्टीत बघून ठेवतो आणि येताना कंपनीच्या बसमध्ये गुणगुणतो. शेजारी बसणारे पंढरपूरकडचे काका आहेत, माळकरी. आता त्यांना आमची दोन भजनं पाठ झालीत, चाल ओळखीची वाटते म्हणतात. घरी आलो की आंघोळ, चहा, निघालो. झोप दुपारी. पोरगं तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसतं. सहा वर्षांचं आहे, त्याला कोणी सांगितलेलं नाही.

वसईची_सून
नुसती चित्रं बघत बसतं!! देव त्याचं भलं करो.

गुरुजी_शेवगाव_तालुका
शहरातल्या लोकांना आमची गंमत माहीत नसेल म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या पाळकसाहेबांकडे बरीच गावं. आमच्या गावाला त्यांचा रविवार महिन्यातून एकदाच येतो, त्या दिवशी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) होतं, बाप्तिस्मा असेल तर होतो. ते दीक्षा झालेल्या पाळकांशिवाय होत नाही. बाकीच्या रविवारी भक्ती मी घेतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, त्यामुळे 'गुरुजी, तुम्हाला वाचता येतं, तुम्हीच घ्या' यावरून सुरुवात झाली. उपदेशही मलाच करावा लागतो.

दिवाळीच्या आगेमागे निम्मी मंडळी ऊसतोडीला जाते. कोयते घेऊन, पोरंबाळं घेऊन, कोणी सांगलीकडे, कोणी कोल्हापूरकडे. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली थोडी मुलं. नाताळला देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) पुढच्या रांगेत आज्ज्या आणि मांडीवर नातवंडं, एवढीच भक्ती. मग मी फोनचा स्पीकर चालू करून पेटीवर ठेवतो. तिकडे फडात टोळीवाले रात्रीची मोळी बांधून झाली की एकत्र बसतात आणि इकडच्या भजनाला तिकडून टाळ्या. रेंज गेली की इथल्या आज्ज्या गात राहतात, आली की पुन्हा आवाज मिळतो. मागून ऐकू येणारी बैलांची घुंगरं मला फार आवडतात.

घरचं विचारलंत. मंडळी (म्हणजे आमच्या घरची) रविवारी पहाटे देऊळ झाडते, सतरंज्या घालते आणि मग शेळ्या सोडते. भक्तीच्या वेळी ती शेळ्यांमागे असते. म्हणून आम्ही रविवारी संध्याकाळी घरात दोघंच बसून सकाळचं वाचन पुन्हा वाचतो. तिचे प्रश्न ऐकून पुढच्या रविवारचा उपदेश अर्धा तयार होतो. मंडळीला वाटतं, गुरुजी फार अभ्यास करतात.

हंगामसणाचं (पिकाबद्दल आभार मानायचा सण, अर्पण आलेल्या जिनसांचा लिलाव होतो) पुन्हा कधी लिहीन. लिलावात एका भोपळ्यावरून दोन व्याही असे ईर्ष्येला पेटले होते की...

माहेर_नगर
गुरुजी, असं अर्धवट सोडू नका, भोपळ्याचं लिहाच! आणि वहिनींना माझा जय ख्रिस्त सांगा.

वसईची_सून
आम्ही कॅथलिक. आमच्याकडे मिस्सा (मुख्य उपासना) फादर अर्पण करतात, पण गायकवृंद आमच्या हातात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली, त्यामुळे माझ्या सासऱ्यांच्या पिढीने लॅटिन ऐकलेलं आणि मग मराठी गीतं बसवलेली. ते कॉयर सांभाळायचे, आता मी सांभाळते. सून असून मला दिलं याचं माहेरी फार कौतुक.

नोकरी अंधेरीला. स्तोत्राचं प्रतिसादगीत मी ७:१२ च्या लोकलमध्ये बसवते. लेडीज डब्यात खिडकीशी जागा मिळाली तर ओठांतल्या ओठांत, नाही मिळाली तर उभ्यानेच. ग्रुपमधल्या एक गुजराती भाभी विचारतात, या रविवारी कोणतं? मग आलेलुया त्यांच्यासमोर पहिल्यांदा.

आम्ही कुपारी (वसईकडचा ख्रिस्ती समाज), घरची बोली कादोडी, आणि देवळात प्रमाण मराठी. मुलगी लहान असताना मला विचारायची, आई तू देवळात वेगळी का बोलते. तीच आता व्हायोलिन वाजवते. रविवारी सकाळी वाडीतली केळी, फुलं बाजारात न्यायची असतात, ते नवरा आणि दीर बघतात. पवित्र आठवड्यात (ईस्टरच्या आधीच्या) मात्र घर पूर्ण सासूबाईंवर. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी रात्री, रविवारी, सलग गायन. त्या म्हणतात, तू तिथे गा, मी इथे चूल गाते. (आमच्याकडे असंच बोलतात.)

बाय द वे, झावळ्यांच्या रविवारसाठी (पाम संडे) तुम्ही घाटावरचे लोक झावळ्या कुठून आणता? आमच्याकडे दारात माड.

गुरुजी_शेवगाव_तालुका
शिंदीच्या. ओढ्याला मिळतात. काटे जपून, पोरांच्या हातात देताना टोकं छाटायची.

रात्रपाळी_चाकण
आमच्याकडे फुलवाल्याकडून अरेका पाम. महाग पडतो.

मिरजेची_सिस्टर
वाचतेय सगळं, नाइट आहे, पेशंट झोपलेत म्हणून लिहिते.

मिरजेत मिशन हॉस्पिटलमुळे नर्सेस आणि मंडळी यांचं नातं जुनं. वानलेस हॉस्पिटल १८९४ चं. माझी आई नर्स, मावशी नर्स, मीही. मी मात्र दुसरीकडे काम करते. ड्यूटी लावताना रविवार सुट्टी मागितली की इन्चार्ज म्हणतात, सगळ्यांनाच रविवार हवा असतो. खरंच आहे ते, लेकरंबाळं सगळ्यांनाच आहेत. म्हणून मी दिवाळी, गणपती, ईदला ड्यूटी घेते आणि त्या बदल्यात मैत्रिणी मला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) देतात. आमचा हा व्यवहार कागदावर कुठेच नाही आणि कोणी मोडत नाही.

उत्तम शुक्रवारी बारा ते तीन येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार असतात, सात जणांना वाटून देतात. गेल्या वर्षी मला पाचवा आला. 'मला तहान लागली आहे.' तयारीला वेळ नव्हता. आदल्या रात्री वॉर्डात ऑपरेशनचे एक आजोबा होते, तोंडाने काही द्यायचं नव्हतं. दर दहा मिनिटांनी, 'सिस्टर, घोटभर.' देता येत नाही. मी कापसाचा बोळा ओला करून ओठांवरून फिरवत होते. त्यांनी जिभेने तो पकडला आणि सोडेनात. दुसऱ्या दिवशी पुलपिटवर मी तेवढंच सांगितलं, टिपण काढलंच नाही. ज्याने जिवंत पाण्याबद्दल सांगितलं त्याच्या ओठांना कोणीतरी स्पंज लावला, हे मला वॉर्डात कळलं. आजोबा बरे होऊन गेले.

नवरा स्वयंपाक करतो. चांगला करतो. बेल वाजली, जाते.

केडगाव_स्टेशन
सिस्टर, काय लिहिलंत. आईला वाचून दाखवलं, ती हुंदके देतेय.

रात्रपाळी_चाकण
नाइटवाल्यांचा सलाम सिस्टर 🙏

कुवेतकर
इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे आमचा 'रविवार' शुक्रवारी. एकाच आवारात तासातासाने वेगवेगळ्या भाषांच्या मंडळ्या. आम्ही बाहेर पडताना पुढचे लोक चपला काढत उभे असतात, म्हणून शेवटचं गीत लांबवता येत नाही. दुबईत बहीण आहे, तिकडे २०२२ पासून शनिवार-रविवार झाला, ती खूश.

मी एकटाच इथे, बायको-मुलं सोलापुरात. उपासना चालवायला मला वेळच वेळ आहे. खोलीवर जाऊन करायचं काय? पण प्रार्थनेत 'आमची कुटुंबं' म्हटलं की पुढचं वाक्य निघत नाही. समोर बसलेले बहुतेक माझ्यासारखेच. तिथे सगळे थांबतात. आता ते आमच्या उपासनेतलं ठरलेलं मौन झालंय. बायको तिकडे शब्बाथशाळा (मुलांची संडे स्कूल) घेते. बुधवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघं मिळून तिचा धडा आणि माझं वाचन तयार करतो, मुलं मध्ये मध्ये भांडतात. आठवड्यातला तोच तास संसाराचा.

पाळकाची_मुलगी
तुम्ही घरच्यांनाही बोलावलंत म्हणून लिहितेय. सगळं गोड नव्हतं. पप्पांची बदली झाली की शाळा बदलायची, मैत्रिणी सुटायच्या. नाताळला पप्पा सगळ्या मंडळीच्या घरी आणि आम्ही चार वाजेपर्यंत जेवायला थांबलेलो. ताटावर ताट झाकून. आईने कधी तक्रार केली नाही, पण मी तिचा चेहरा बघायचे. मला राग यायचा आणि तो योग्यच होता असं मला आजही वाटतं.

सात उद्गारांचा विषय निघालाय, तर तिसरा उद्गार बघा. इतक्या वेदनेत येशू आईची सोय लावतो, शिष्याच्या हाती सोपवतो. जगाच्या तारणाचं काम चालू असताना! मग आपली सेवा अशी कोणती की आईची औषधं राहून जावीत? मी आता आमच्या मंडळीत आराधना चालवते आणि हे कमिटीसमोर स्पष्ट बोलले. शनिवारी सातनंतर फोन नाही. माझा मुलगा आजारी असेल तर दुसऱ्याने घ्यायचं, आणि दुसरा तयार असलाच पाहिजे. म्हणून आता आम्ही चौघांना शिकवून ठेवलंय. दोन तर कॉलेजची मुलं.

माहेर_नगर
तुझा राग मी समजू शकते गं. ताटावर ताट झाकलेलं माझ्या डोळ्यांसमोर आलं. आणि दुसरा तयार असलाच पाहिजे हे वाक्य मी या रविवारी आमच्या कमिटीत मांडणार. सासूबाईंकडे रात्री बसायला आमच्या महिला मंडळातल्या दोघी आपणहून येतात, पण उपासना शिकवायला कोणाला घेतलं नव्हतं. लेकीच्या परीक्षेनंतर तिच्यापासून सुरू करते.

केडगाव_स्टेशन
कोणाकडे पेटी दुरुस्त करणारे आहेत का? भाता फाटलाय, हवा धरत नाही. मिरजेत वाद्यांची दुकानं खूप ना, सिस्टर?

मिरजेची_सिस्टर
तंतुवाद्यांची, सतार-तंबोरे. पेटीवाले पण आहेत, विचारून सांगते. तोवर भात्याला आतून पातळ चामडं लावून बघा, कागदी टेप लावू नका, दमट हवेत सुटतो.

तरुण_संघ_जालना
जय ख्रिस्त. मी पाळकाची_मुलगी ताईंनी म्हटलेल्या 'कॉलेजच्या मुलां'पैकी असावा तसाच आहे, फक्त आमच्याकडचा. येत्या रविवारी पहिल्यांदा उपासना चालवायची आहे. माझी पट्टी काळी एक, पण बायकांना खाली पडते असं आई म्हणते. काय धरू? आणि घाबरलो तर?

माहेर_नगर
जय ख्रिस्त बाळा. मंडळीत बायका जास्त असतील तर पांढरी चार धर, तुला वरच्या जागा थोड्या ताणाव्या लागतील पण जमेल. पहिलं गीत सगळ्यांना पाठ असलेलंच घे, नवं तिसऱ्याला. वाचन करणाऱ्यांना शनिवारीच अध्याय-वचनं देऊन ठेव. आणि आई पहिल्या रांगेत बसणार असेल तर घरी एकदा तिच्यासोबत सगळं म्हणून घे, तिचा आवाज कुठे अडतो ते समासात लिही.

गुरुजी_शेवगाव_तालुका
आणि पाणी पिऊन जा. भोपळ्याचं आज रात्री लिहितो, शेळ्या आल्या.