मदत हवी आहे: जेयुनिट ५ वर गेलो आणि निम्म्या टेस्ट धावतच नाहीत

निळी_शाई:
तातडीचं आहे. जुना जावा प्रोजेक्ट जेयुनिट या टेस्ट फ्रेमवर्कच्या ४ वरून ५ वर नेला. इंटेलिजे एडिटरमध्ये कुठलीही फाइल चालवा, सगळं हिरवं. सर्व्हरवर बिल्डही पास होतो, पण रिपोर्टमध्ये निम्म्याच टेस्ट. एरर नाही, वॉर्निंग नाही. उद्या रिलीज आहे आणि बिलिंगचा भाग न तपासता सोडायची माझी तयारी नाही. काय करू?

सेमीकोलन:
बिल्ड कशाने करता, मेव्हन की ग्रेडल? ग्रेडल असेल तर टेस्ट टास्कमध्ये यूज-जेयुनिट-प्लॅटफॉर्म लिहिलंय का?

रात्रपाळी:
मेव्हन असेल तर शुअरफायर, म्हणजे त्यातला टेस्ट चालवणारा प्लगइन, बघा. २.२२.० च्या आधीच्या आवृत्त्यांना जेयुनिट ५ आपणहून कळत नाही. शून्य टेस्ट चालवतात आणि बिल्ड यशस्वी म्हणतात.

निळी_शाई:
मेव्हन. शुअरफायर २.२२.२. आणि शून्य नाही हो, निम्म्या धावतात. वर लिहिलंय.

जुना_पिंपळ:
टेस्टएनजी हे दुसरं टेस्ट फ्रेमवर्क वापरा. ग्रुप, डेटा प्रोव्हायडर, एक टेस्ट दुसरीवर अवलंबून ठेवायची सोय, हे सगळं त्यात पहिल्यापासून आहे. आमच्याकडे तेच आहे, कधी अडलं नाही.

सेमीकोलन:
उद्या रिलीज असलेल्या माणसाला फ्रेमवर्क बदलायला काय सांगताय! आणि टेस्ट एकमेकींवर अवलंबून असूच नयेत. जेयुनिट ५ मध्ये टेस्टचा क्रम दर वेळी तोच असतो, पण मुद्दाम सहज ओळखू न येणारा ठेवलाय, म्हणजे कुणी त्याच्यावर विसंबू नये.

जुना_पिंपळ:
युनिट टेस्टपुरतं मान्य. इंटिग्रेशन टेस्टमध्ये, म्हणजे अनेक भाग एकत्र तपासताना, लॉगिनच पडलं तर पुढच्या सगळ्या लाल दाखवून काय कळणार? त्या वगळलेल्याच बऱ्या. तसं नसतं तर ज्युपिटरनेही (जेयुनिट ५ चं नवं इंजिन) टेस्टचा क्रम ठरवणारं @ऑर्डर दिलं नसतं.

शेवंती:
जॅकोको हे टूल लावून कव्हरेजची, म्हणजे टेस्टमध्ये किती कोड धावला त्याची, किमान मर्यादा ठेवा. आम्ही ८० टक्के ठेवली आहे, त्याखाली बिल्ड पडतो. ब्रँच कव्हरेजही (इफ-एल्सच्या किती वाटा धावल्या) मोजा, नुसत्या ओळी मोजून भागत नाही.

निळी_शाई:
कव्हरेज नंतर बघेन. आधी टेस्ट धावू देत. कुणी मूळ प्रश्नावर बोलेल का?

रात्रपाळी:
मग तीन गोष्टी सांगा. क्लासची नावं कशी आहेत? शुअरफायर सुरुवातीला टेस्ट, किंवा शेवटी टेस्ट, टेस्ट्स, टेस्टकेस असलेलीच उचलतो. स्प्रिंग बूट फ्रेमवर्क आहे का, कितवी आवृत्ती? आणि धावणाऱ्या व न धावणाऱ्या फाइलींच्या इम्पोर्टच्या ओळी द्या.

निळी_शाई:
नावं सगळी टेस्टने संपतात. स्प्रिंग बूट २.३ होतं, त्याच कामात २.७ केलं. धावणाऱ्यांत ऑर्ग.जेयुनिट.ज्युपिटर.एपीआय.टेस्ट, न धावणाऱ्यांत ऑर्ग.जेयुनिट.टेस्ट. पण पॉममधून (लायब्ररींची यादी असलेली मेव्हनची फाइल) जेयुनिट ४ काढलंय, तरी कंपाइल होतंय. टेस्टसाठी कंटेनरमध्ये डेटाबेस वगैरे उभे करणारी टेस्टकंटेनर्स लायब्ररीही वापरतो.

रात्रपाळी:
सापडलं. टेस्टकंटेनर्सची १ ची मालिका जेयुनिट ४ सोबत ओढून आणते, म्हणून कंपाइल होतं. डिपेन्डन्सी ट्री (कोणती लायब्ररी कुणाला ओढते ती यादी) काढा, दिसेल. पण जेयुनिट ५ वर जुन्या टेस्ट चालवायला व्हिंटेज इंजिन हे वेगळं मॉड्यूल लागतं. २.३ पर्यंत ते स्प्रिंग बूटच्या टेस्ट स्टार्टरमध्ये (टेस्टच्या लायब्ररींचा तयार संच) यायचं, २.४ पासून काढलं. ज्युपिटरला जुना @टेस्ट ओळखता येत नाही, म्हणून त्या फाइली चुपचाप सुटतात. इंटेलिजे जुनी फाइल दिसली की आपला जेयुनिट ४ चा रनर वापरतो, म्हणून तिथे हिरवं.

आज रात्री पॉममध्ये जेयुनिट व्हिंटेज इंजिन टेस्ट स्कोपने, म्हणजे फक्त टेस्टपुरतं, टाका. आवृत्ती लिहू नका, स्प्रिंग बूट ठरवतं. टेस्टकंटेनर्समधून जेयुनिट ४ वगळू नका, त्याचे क्लास त्यावर उभे आहेत.

सेमीकोलन:
नंतर फाइली बदलाल तेव्हा नुसता @टेस्टचा इम्पोर्ट बदलू नका. प्रत्येक टेस्टआधीची तयारी करणारा @बिफोर तसाच राहिला तर ज्युपिटर तो चालवत नाही आणि नल पॉइंटरच्या एरर येतात. तिथे @बिफोरईच हवं. अपेक्षित आणि खरी किंमत ताडणाऱ्या असर्ट-इक्वल्समधला संदेशही आता शेवटी जातो. तिन्ही स्ट्रिंग असतील तर कंपायलर हूं की चूं करत नाही आणि संदेशाचीच तुलना होते.

निळी_शाई:
व्हिंटेज टाकलं, सगळ्या धावल्या. बिलिंगच्या दोन लाल आहेत, करावरच्या राउंडिंगच्या. आता त्याच बघतोय. जुना इम्पोर्ट पुन्हा कुणी टाकू नये म्हणून काही आहे का?

रात्रपाळी:
चेकस्टाइल या कोड तपासणाऱ्या टूलमध्ये इल्लीगल-इम्पोर्टचा नियम आहे. त्यात ऑर्ग.जेयुनिट.टेस्ट हा क्लास घाला. पूर्ण ऑर्ग.जेयुनिट पॅकेज घालू नका, ज्युपिटरही त्याच्याच पोटात आहे.